सायकलच्या कातडी सीटला रंग देताना

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक सायकलींच्या सीटमध्ये कातडं नसतंच. खाली प्लॅस्टिकचा साचा, त्यावर फोम किंवा जेल आणि वरून रेक्झिन, अशी ती तीन थरांची रचना असते. तिचा रंग उडाला तर कुणी मनाला लावून घेत नाही; दुकानातून एक कव्हर आणून चढवलं की काम झालं. कातडी सीटमध्ये साचाही नसतो आणि फोमही नसतो. पाच मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या कातड्याचा एकच तुकडा मागे पोलादी पट्टीला आणि पुढे सीटच्या नाकाला रिव्हेटांनी ठोकलेला असतो. या दोन टोकांच्या मध्ये तो नवारीच्या पलंगासारखा ताणून बसवलेला असतो आणि बसणाऱ्याचं सगळं वजन त्या ताणावर तोललं जातं.

अशा सीटचा रंग बदलायला घेणाऱ्यानं एवढं आधी ध्यानात ठेवावं, की इथे कातडं म्हणजे शोभेचं आवरण नव्हे, भार पेलणारा भाग तोच आहे. पर्स, बूट, सोफा यांना रंग देण्याच्या ज्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच इथे अंगाशी येतात. रंग झकास बसला, पण कातड्याचा ताण गेला, तर ती सीट गेलीच म्हणायची. पुढे पाणी, तेल, उष्णता, स्पिरिट, आम्ल असे बरेच पदार्थ आणि प्रकार येणार आहेत. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: यानं कातड्याच्या ताकदीचं काय होईल?

या जातीच्या सीटमधलं सर्वांत परिचित नाव इंग्लंडमधल्या ब्रुक्सचं. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला घोड्यांच्या साजाचा, म्हणजे कातडी पट्ट्या-लगामांचा धंदा सुरू केला. कंपनी सांगते ती कथा अशी, की त्यांचा घोडा मेला, म्हणून त्यांनी कुणाची तरी सायकल उसनी घेतली आणि तिच्या सीटवर बसून ते इतके हैराण झाले, की स्वतःच चांगली सीट घडवायला बसले. कथा कितपत खरी ते सोडून देऊ. १८८२ मधलं त्यांचं सीटचं पेटंट मात्र नोंदलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेलं त्यांचं ‘बी १७’ हे मॉडेल आजही बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकमध्ये बनतं. कंपनीची मालकी मात्र २००२ पासून इटलीतल्या सेले रॉयालकडे आहे.

आपल्याकडेही अशा सीट अनोळखी नाहीत. स्वातंत्र्यानंतर आसनसोलजवळ सेन-रॅले आणि मद्रासला टीआय सायकल्स यांच्या कारखान्यांतून रॅले, हर्क्युलस, बीएसए या नावांच्या काळ्या दणकट सायकली निघू लागल्या. त्या पिढीतल्या कितीतरी सायकलींवर खाली स्प्रिंगा असलेली कातडी सीट होती. आजोबांची अशी सायकल माळ्यावरून किंवा गोठ्यातून बाहेर काढून पुन्हा चालती करणारे हौशी लोक पुण्या-मुंबईत आणि लहान गावांतही भेटतात. दुसरा गट आहे दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, करणाऱ्यांचा. लांबच्या पल्ल्याला कातडी सीट बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे हळूहळू आकार घेते, म्हणून ते ती मुद्दाम मागवतात. पहिल्या गटाला विटलेल्या सीटला पुन्हा रूप द्यायचं असतं. दुसऱ्यातल्या काहींना हौसेनं घेतलेली मधाच्या रंगाची सीट दोन पावसाळ्यांत डागाळल्यावर ती सरळ काळी किंवा गडद तपकिरी करून टाकायची असते. या लेखात मुख्यतः त्या दुसऱ्या कामाबद्दल सांगितलं आहे, कारण घरी नीट जमण्यासारखं तेच आहे.

रंग धरून ठेवतं ते टॅनिन

कच्चं कातडं कुजतं. ते कुजू नये म्हणून त्याच्यावर जी प्रक्रिया करतात तिला कातडं कमावणं म्हणतात आणि ती मुख्यतः दोन प्रकारांनी होते. जुनी रीत झाडांच्या साली आणि फळांची. दक्षिणेत तरवडाची साल त्यासाठी प्रसिद्ध होती. कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावण्याची परंपरा आहे. या सगळ्यांत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. कच्चा हिरडा किंवा सुपारी चावल्यावर तोंड आवळून येतं ते त्याच्यामुळेच. टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनच्या तंतूंना चिकटून बसतं आणि तंतू कुजेनासे होतात. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, काम काही तासांत उरकू लागलं आणि आज जगातलं बहुतेक कातडं तिनंच कमावलं जातं. बुटांचे वरचे भाग, जॅकेटं, सोफे यांचं मऊ, लवचिक कातडं बहुधा क्रोमचं असतं.

सायकलच्या ताणलेल्या सीटला मात्र ताठ, आकार धरून ठेवणारं कातडं लागतं, आणि ते गुण वनस्पतींनी कमावलेल्या कातड्यात असतात. त्याचा रंगाशी थेट संबंध आहे. टॅनिन हे स्वतःच रंगीत द्रव्य आहे. ते उजेडात आणि हवेत हळूहळू बदलत जातं, म्हणून मधाच्या रंगाची सीट आपण काहीही न करता वर्षभरात तपकिरीकडे झुकते. बाभूळ, तरवड यांच्या जातीचं टॅनिन उन्हात जास्त लालसर होतं. हिरड्याच्या जातीचं त्या मानानं फिकं राहतं. शिवाय टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. भिजलेल्या सीटच्या खालच्या बाजूला, जिथे ती पोलादी दांडीला घासते, तिथे उठणारे काळे डाग हे तेच. ते मळाचे डाग नव्हेत, म्हणून साबणानं जात नाहीत.

रंग फक्त गडद होऊ शकतो

कातड्याचे रंग, म्हणजे खरे मुरणारे डाय, पारदर्शक असतात. ते मूळ रंगाला झाकत नाहीत, त्यात मिसळतात. मधाच्या रंगाच्या सीटवर निळा रंग लावला तर तो हिरवट दिसतो, कारण खाली पिवळा आहे. लाल लावला तर विटकरी-तांबूस छटा येते. हिरवा लावला तर शेवाळी. काळा आणि गडद तपकिरी हेच दोन रंग कुठल्याही फिक्या सीटवर हमखास बसतात आणि जुने डागही पोटात घेतात.

उलटा प्रवास होत नाही. काळी सीट तपकिरी करायची किंवा तपकिरीची मधाळ करायची, तर आधीचा रंग तंतूंमधून बाहेर काढावा लागतो. तसं करणारी घरगुती द्रव्यं दोन, आणि सीटसाठी दोन्ही घातक. पहिलं कपड्यांचं ब्लीच. ते रंगाबरोबर कोलॅजनही खातं. आठवडाभरानं कातडं पापडासारखं मोडलं तर नवल नाही. दुसरं ॲसिटोन किंवा थिनर. त्याचे बोळे पुन्हा पुन्हा फिरवले की थोडा रंग निघतो हे खरं, पण कातड्यात मुरलेली चरबीही निघून जाते, तंतू कोरडे होतात आणि ताणाखाली, विशेषतः रिव्हेटांच्या भोकांशी, चिरा पडतात. भोकाशी पडलेली चीर शिवता येत नाही.

सीट कुठल्या कातड्याची?

काम सुरू करण्याआधी दोन तपासण्या करून घ्याव्यात. पहिली पाण्याच्या थेंबाची. सीटच्या कडेला पाण्याचा एक थेंब ठेवायचा. तो मिनिटभरात शोषला जाऊन तिथे गडद ठिपका उमटला, तर कातडं उघडं आहे आणि रंग घेईल. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर वर मेण आहे किंवा कारखान्यातला लेप आहे. मेण काढता येतं. जाड, प्लॅस्टिकसारखा चकाकणारा लेप असेल तर डाय लावण्याचा विचारच सोडलेला बरा.

दुसरी तपासणी खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला करायची. लोखंडाचे खिळे काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून जे पाणी तयार होतं, त्याचा एक थेंब तिथे लावायचा. थोड्याच वेळात ती जागा काळी पडली, तर कातडं वनस्पतींनी कमावलेलं आहे. नुसता ओला डाग राहिला आणि कडेला कापलेल्या भागात निळसर-करडा गाभा दिसत असेल, तर ते क्रोमचं आहे. जुन्या, नाव पुसलेल्या सीटच्या बाबतीत ही तपासणी फार उपयोगाची पडते. पुढे सांगितलेल्या दोन रीतींपैकी लोखंडाची रीत क्रोमच्या कातड्यावर चालतच नाही.

आणखी एक बघून घ्यावं. सीट उलटी करून रिव्हेटांभोवती बारीक चिरा आहेत का, कातडं मध्ये झोळीसारखं लोंबलंय का, हे तपासावं. चिरा असतील तर रंगाचा खर्च करू नये. ती सीट शोभेसाठी ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

मेण उतरवणं

कातडी सीटला मेण-चरबीचा लेप लावायची पद्धत आहे. ब्रुक्स स्वतः ‘प्रूफाइड’ नावाचा लेप विकते. त्यात जनावरांची चरबी, कॉड माशाचं तेल, वनस्पती तेल, पॅराफिन, मधमाश्यांचं मेण आणि सिट्रोनेलाचं तेल असतं. पाणी आत जाऊ नये यासाठी हे उत्तम, पण रंगही त्याच कारणानं आत जात नाही. रंग चट्ट्याचट्ट्यानं बसला असेल, तर दहांतल्या नऊ वेळा खाली मेण राहिलेलं असतं.

आधी कोरड्या ब्रशनं धूळ झाडावी. मग कातड्यासाठी मिळणारा सॅडल सोप, तो नसेल तर अगदी सौम्य साबण, ओलसर स्पंजावर घेऊन फेसानंच पुसावं. स्पंज पिळलेला हवा. पाणी ओघळता कामा नये. सावलीत पूर्ण वाळल्यावर सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल स्पिरिट घेऊन फक्त वरच्या बाजूवरून एकदा-दोनदा हलका हात फिरवावा. फडकं पिवळट, तेलकट होईल. फडकं बदलत राहावं. ते स्वच्छ यायला लागलं की थांबावं, चोळत बसू नये. काचकागद वापरण्याचा मोह टाळावा. कातड्याचा वरचा गुळगुळीत थर हा सर्वांत घट्ट विणीचा असतो, आणि तो खरवडला की खालचे सैल तंतू उघडे पडून सीट पाणी पिऊ लागते. खालच्या बाजूला स्पिरिट लावण्याची काहीच गरज नाही. तिथली चरबी कातड्याला लागणारी आहे.

पहिली रीत: स्पिरिटमधला रंग

कातड्याचे मुरणारे रंग दोन प्रकारचे मिळतात, पाण्यातले आणि स्पिरिटमधले. पाण्यातल्या रंगाला वास नसतो, पण तो कातडं ओलं करतो आणि सीटच्या बाबतीत ओलावा जितका कमी तितका बरा. स्पिरिटमधला रंग पटकन मुरतो, पटकन वाळतो आणि जाड कातड्यात खोलवर जातो. परदेशी रंगांपैकी फीबिंग्ज या अमेरिकी कंपनीचे रंग कातडी काम करणाऱ्यांत बरेच वापरले जातात आणि ते ऑनलाइन मिळतात. धारावीसारख्या ठिकाणी कातडी वस्तूंचं सामान विकणाऱ्या दुकानांत देशी रंगही मिळतात. एका सीटला एक लहान बाटली पुरून उरते.

हातमोजे घालावेत, कारण हा रंग नखांखालून निघायला आठवडा लागतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटलेलं नसावं. सीट सायकलवरून काढून घ्यावी. दांड्या आणि स्प्रिंगांना जुना कागद गुंडाळावा. रिव्हेटांभोवती बारीक ब्रशनं रंग लावून धातूवर गेलेला रंग लगेच पुसून घ्यावा.

पहिला हात पातळ हवा. रंगात तेवढंच त्याचं पातळ करण्याचं द्रव्य किंवा स्पिरिट मिसळून, जुन्या बनियनच्या बोळ्यानं लहान गोलाकार फिरवत लावावं. एका टोकापासून सुरुवात करून न थांबता दुसऱ्या टोकापर्यंत जावं. मध्येच थांबलं तर जिथे थांबलो तिथे रेघ राहते. कडांना विसरू नये. जाडीची कापलेली बाजू वरच्या भागापेक्षा जास्त रंग पिते. काही तास वाळू द्यावं आणि मग पूर्ण ताकदीच्या रंगाचा पातळ हात. बहुतेक वेळा एकूण दोन-तीन हातांत काम होतं. एकच जाड हात दिला तर रंग मुरण्याआधी वरच साचतो आणि पुढे पॅन्टला लागतो.

काळ्या रंगाबाबत कातडी काम करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. ते आधी गडद निळा किंवा गडद तपकिरी हात देतात आणि त्यावर काळा चढवतात. नुसता काळा फिक्या कातड्यावर कधी कधी हिरवट किंवा करडा दिसतो. खाली निळा असला की तो भरदार दिसतो. वाळल्यावर पृष्ठभागावर तांबूस-धातूसारखी चमक आली तर घाबरायचं कारण नाही. न मुरलेल्या रंगाचे ते कण असतात. कोरड्या फडक्यानं जोर लावून घासलं की जातात, आणि ते घासून काढणं या कामाचा अर्धा भाग आहे.

दुसरी रीत: लोखंडाचा काळा

दुसऱ्या रीतीत बाटलीतला रंग लागतच नाही. कातड्यात आधीच असलेल्या टॅनिनला लोखंड दिलं की काळा रंग तंतूंच्या आतच तयार होतो. हे रसायन फार जुनं आहे. श्रीकाळहस्ती आणि मछलीपट्टणमच्या कलमकारीतला काळा असाच होतो. तिथे कापड आधी हिरड्यात भिजवतात आणि लोखंडाचं भंगार गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या काळ्यानं त्यावर नक्षी काढतात. युरोपात शेकडो वर्षं दस्तऐवज लिहिले गेले ती शाईही ओकच्या झाडावरच्या गाठी आणि हिराकस (फेरस सल्फेट) यांची होती.

घरी करायचं ते असं. अर्धा लिटर साधं पांढरं व्हिनेगर काचेच्या बरणीत घ्यायचं आणि त्यात मूठभर लोखंडी कीस टाकायचा. लेथच्या दुकानातला कीस चालतो, पण त्याला मशिनचं तेल लागलेलं असतं. भांड्यांच्या साबणानं तो दोनदा धुऊन वाळवून घ्यावा. स्वयंपाकघरातली तारेची घासणी बहुधा स्टेनलेस असते, तिचा उपयोग नाही. जस्ताचा मुलामा दिलेले खिळेही नकोत. बरणीचं झाकण घट्ट लावू नये, कारण आम्ल आणि लोखंड यांच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि बंद बरणी फुटू शकते. बरणी विस्तवापासून लांब ठेवावी. आठवडा-दोन आठवड्यांत बुडबुडे थांबतात आणि व्हिनेगरचा उग्रपणा कमी होतो. मग पाणी जाड फडक्यातून गाळून घ्यावं.

हे पाणी बोळ्यानं सीटवर पातळ लावलं, की काही मिनिटांत मधाळ रंग करडा, मग निळसर, मग काळा होत जातो. हिरड्याच्या जातीचं टॅनिन असेल तर झाक निळी-काळी येते, बाभळीच्या जातीचं असेल तर हिरवट-काळी. सीट करड्यावरच थांबली तर तिच्यात टॅनिन कमी पडलंय असं समजावं. त्यावर उपाय म्हणजे बिनदुधाचा, कडक उकळलेला चहा गार करून लावणं. चहातही टॅनिन असतं. तो वाळला की पुन्हा लोखंडाचं पाणी. काळा झाल्यावर एक लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्या पाण्यात पिळलेला स्पंज एकदा फिरवावा, म्हणजे उरलेलं आम्ल निवतं. लगेच साध्या पाण्याच्या स्पंजानं पुसून घ्यावं. सोडा जास्त झाला तर तोही टॅनिनला बाधतो.

या रीतीचा मोठा गुण म्हणजे रंग घासून निघत नाही, कारण तो पाण्यात विरघळत नाही आणि तंतूंतच जन्मलेला असतो. दोषही तिथेच आहे. लोखंड आणि आम्ल मिळून वर्षानुवर्षांत सेंद्रिय तंतू कमजोर करतात. जुन्या शाईनं कागद खाल्ल्याची उदाहरणं अभिलेखागारांत भरपूर आहेत. म्हणून व्हिनेगरऐवजी हिराकस थेट पाण्यात कालवून लावण्याचा सोपा मार्ग सीटसाठी टाळावा, कारण हिराकशीतून गंधकाम्ल सुटतं आणि ते व्हिनेगरपेक्षा कितीतरी तीव्र असतं. मला विचाराल तर रोज वापरात असलेल्या, महाग सीटला स्पिरिटचा रंग द्यावा. लोखंडाची रीत जुन्या सायकलच्या, मूळ काळ्याच असलेल्या सीटला जास्त शोभते.

सीटवर आधीच लोखंडाचे काळे ठिपके असतील आणि ती तपकिरी ठेवायची असेल, तर ऑक्झॅलिक ॲसिडचं अगदी सौम्य पाणी ते ठिपके फिके करतं. हे विष आहे, त्यामुळे हातमोजे आणि लहान मुलांपासून लांब ठेवणं आलंच. लिंबाचा रस त्याचंच काम कमी जोरानं करतो. काम झाल्यावर ओल्या स्पंजानं नीट पुसून घ्यावं.

वाळवणं आणि तेल

कातड्याला सर्वांत मोठा धोका ओलं असताना तापण्याचा. ओलं कातडं तापवत नेलं तर एका ठरावीक तापमानाला कोलॅजनचे तंतू एकदम आखडतात आणि ते पुन्हा कधीच सैल होत नाहीत. कच्च्या कातड्यात हे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला होतं, वनस्पतींनी कमावलेल्यात ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान. क्रोमचं कातडं मात्र उकळत्या पाण्यातही तग धरू शकतं. हेअर ड्रायर जवळ धरला तर तो ७० अंश सहज ओलांडतो. त्यामुळे ड्रायर, हीटर, मे महिन्याचं ऊन किंवा बंद गाडीची काच यांतलं काहीही नको. सावली, पंखा आणि दोन दिवसांचा धीर पुरे. कोकणात आणि मुंबईत हे काम पावसाळ्यात करूच नये. कातडं वाळत नाही आणि वर बुरशी येते. दिवाळीनंतरचे कोरडे महिने यासाठी चांगले.

सीट ओलसर असताना तिच्यावर बसू नये. ओलं कातडं वजनाखाली ताणलं जातं आणि वाळल्यावर तसंच राहतं. लोंबलेल्या बहुतेक सीट अशाच लोंबलेल्या असतात. त्यात रंगाचा दोष नसतो. नाकाखाली ताण वाढवण्याचा एक बोल्ट असतो, त्याला रंगकामाच्या दिवसांत हात लावू नये. पुढेही गरज पडली तर पान्यानं थोडासाच फिरवावा. कोरड्या कातड्यावर जोर केला तर रिव्हेटांशी फाटतं.

स्पिरिटनं थोडी चरबी जाते, ती भरून काढायला हवी. इथे आपल्या सवयी आड येतात. कोल्हापुरी चपलेला तेल पाजायची रीत आहे, आणि चपलेसाठी ती बरोबरही आहे, कारण चप्पल मऊ व्हावी हीच अपेक्षा असते. सीट मऊ झाली की तिचा ताण गेला. खोबरेल, गोडेतेल, करडईचं तेल, किंवा बाजारात मिळणारं गुरांच्या पायांच्या हाडांतलं तेल, यांतलं काहीही सीटला पाजू नये. मेण जास्त आणि तेल कमी असलेला लेप बोटावर घेऊन वरून अगदी पातळ लावावा, रात्रभर ठेवावा आणि सकाळी फडक्यानं चमकवावा. खालच्या बाजूला हाच लेप किंचित लावला तर चाकावरून उडणाऱ्या पाण्यापासून बचाव होतो. मडगार्ड नसलेल्या सायकलवर तर तो लावावाच.

पॅन्टची परीक्षा

रंग पक्का बसला का, हे पांढरं सुती फडकं सांगतं. आधी कोरडं फडकं जोरात घासायचं. ते स्वच्छ राहिलं तर किंचित ओलं करून पुन्हा. घाम खारट असतो आणि दमट उकाड्यात तो रंग सोडवतो, म्हणून ओल्या फडक्याची परीक्षा खरी. फडक्यावर रंग आला तर पुन्हा कोरडं घासायचं, पुन्हा लेप, पुन्हा घासायचं. हे सगळं झाल्यावरही पहिले काही आठवडे गडद पॅन्टच घालावी. पांढऱ्या पायजम्यात नव्यानं रंगवलेल्या सीटवर बसणं हा धाडसाचा प्रकार आहे.

बूटपॉलिश लावून काम भागवण्याचा सोपा मार्ग कुणालाही सुचतो. पॉलिश म्हणजे मेणात मिसळलेला रंग. तो मुरत नाही, वर राहतो. बुटाच्या वरच्या भागाला कुणी घासत नाही म्हणून तिथे चालतं. सीटवर ते पहिल्याच फेरीत कपड्यांवर उतरतं. कातड्यासाठी मिळणारे ॲक्रिलिक पेंट झाकणारे असतात, त्यामुळे काळ्यावर लालही दिसतो. पण सीट प्रत्येक पॅडलबरोबर थोडी वाकते, आणि हाडं टेकतात त्या दोन जागी पेंटचे पोपडे उठतात. बिनरिव्हेटांच्या, स्क्रूनं जोडलेल्या काही सीट मिळतात, उदाहरणार्थ फ्रान्सच्या बर्थूच्या. त्यांचं कातडंच सुटं करून बदलता येतं. कायम वेगळा रंग हवा असणाऱ्यांनी खरेदीच्या वेळीच हा विचार केलेला बरा.

काळी सीट मधाच्या रंगाची करून हवी असणाऱ्यांना या सगळ्यातून काहीच मिळालं नाही, हे खरं. त्यांच्यासाठी रसायनशास्त्रात उपाय नाही, ओळखीपाळखीत आहे. मधाळ सीट डागाळली म्हणून ती काळी करायला निघालेला एखादा सायकलवाला गाठायचा आणि त्यानं रंगाची बाटली उघडायच्या आत त्याच्याशी अदलाबदल करून टाकायची. त्याची मेहनत वाचते, तुमचं काम होतं आणि दोन्ही सीट शाबूत राहतात.